पाय पुढे करणारे

कुष्ठरोगात जखमेपेक्षा घात करतो तो बधिरपणा. तळपायात काटा मोडला, चपलेचा खिळा वर आला, निखाऱ्यावर पाय पडला तरी माणसाला कळत नाही. तो चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. म्हणून या रोगाच्या दवाखान्यात पायांची निगा हा रोजचा पाठ असतो. साध्या पाण्यात वीसेक मिनिटे पाय भिजवायचे, घट्टे दगडाने हलके घासायचे, पाय ओलसर असतानाच तेल चोळायचे, मग तळवा आणि बोटांच्या बेचक्या नीट निरखायच्या. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींमध्ये काम करणाऱ्या मिशनऱ्यांनी ब्रिटिश अमदानीत काढलेल्या कुष्ठधामातून ते वाढले. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती सेवेचा इतिहास या पाण्याच्या घमेल्यापासून सांगायला घ्यावा.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पवित्र गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात ते याच आठवणीने. पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयामुळे २०१६ पासून त्या रांगेत स्त्रियाही बसू शकतात. या प्रसंगावरची प्रवचने बहुधा धुणाऱ्याच्या नम्रतेवर होतात. पण त्या खोलीत अडून बसला तो शिष्य पेत्र. गुरूने आपल्या पायांना हात लावावा हे त्याला सोसेना. दुसऱ्यासाठी वाकणे त्याला जमले असते. आपल्यासाठी कोणी वाकले असताना स्वस्थ बसणे मात्र जड गेले.

कुष्ठधामात येणाऱ्याची अडचण पेत्राहून मोठी होती. घरात त्याचे ताट वेगळे झालेले, गावाने त्याला वेशीबाहेर काढलेले. १८९८ च्या कायद्याने तर निराधार कुष्ठरोग्याला पकडून धामात डांबायची मुभा सरकारला दिली; तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये लेप्रसी मिशनची सुरुवात केली तेव्हा रोगावर खात्रीचे औषध नव्हते. कडूकवठाचे तेल टोचत, त्याचा गुण बेभरवशाचा. डॅप्सोन हे औषध वापरात आले ते १९४० च्या दशकात. तोवर हाती होते पाणी, पट्टी आणि स्पर्श. वर्षानुवर्षे ज्याला कोणी शिवले नाही, त्याने आपला सडका पाय परक्याच्या मांडीवर ठेवायचा, याला केवढी हिंमत लागत असेल! धुणाऱ्यांची नावे मिशनच्या अहवालांत छापली गेली. पाय पुढे करणाऱ्यांची नावे क्वचितच कोणी टिपली. आणि ठिकठिकाणच्या कुष्ठधामांत पट्ट्या बांधायचे काम पुष्कळदा जुन्या रुग्णांनीच उचलले, हेही विसरले जाते.

अकोल्याकडची गोष्ट दुष्काळाची. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळला. अकोल्यात ठाण मांडलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने अनाथ मुलांना आसरा दिला. मुलींचा आश्रम खामगावला होता, आणि खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच मोडत असे. याच मिशनच्या जेनी फुलर यांचे हिंदुस्थानी स्त्रियांच्या हालांवरचे इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये निघाले. प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. पुस्तकातली कळकळ खरी आहे, पण इथल्या घरांकडे बघण्याची नजर कठोर आहे. द्यायला आलेल्या माणसाला घ्यायलाही शिकावे लागते, हे त्या पिढीच्या मिशनऱ्यांना सहज उमगले नाही.

वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, तिथे नाझरीन चर्चच्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ मध्ये भारतात आल्यानंतर रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. तिथेच पुढे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. परक्याचे मलमूत्र, रक्त, पू यांना हात लावणे ज्या काळात विटाळ समजला जाई, त्या काळात मुलींनी हे काम पत्करले. चार दशके राबलेल्या डॉक्टरीणबाईंइतकाच मान या मुलींना मिळायला हवा.

अमरावतीत १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. ते ख्रिस्ती नव्हते. पण कुष्ठरुग्णाला नुसते घेणारा ठेवायचे नाही, त्याच्या हाताला काम द्यायचे, हा ध्यास त्यांनी घेतला. शेती आणि हस्तव्यवसाय रुग्ण करू लागले. सेवेच्या इतिहासातले हे पाऊल पुष्कळ पुढचे होते. ज्याला प्रेम मिळाले त्यालाही ते देता आले पाहिजे, नाहीतर त्या प्रेमाचे उपकार होतात.

कुष्ठरोग संपलेला नाही. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. औषध फुकट मिळते, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावे लागते, आणि रोग पूर्ण बरा होतो. घरात कोणाला तो निघाला तर त्याचे ताट वेगळे करू नका.