विळ्याच्या आकाराची पेशी आणि दंडावरचा सेन्सर

मागच्या दिवाळीत चामोर्शीला मामांकडे गेले होते. मामांच्या हातात दोन कागद होते आणि ते एकमेकांना खोटे पाडत होते. एका कागदावर घरच्या ग्लुकोमीटरवर महिनाभर टिपलेले आकडे होते. जेवणानंतरचे बहुतेक दोनशेच्या वर. दुसऱ्यावर प्रयोगशाळेने दिलेली ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीए१सी, आणि ती मधुमेहाच्या सीमेच्या बरीच आत. मामा म्हणाले, “तू इतिहास शिकतेस ना? मग सांग, दोन साक्षीदार उलट बोलले तर कोणाचं खरं मानायचं?”

प्रश्न गमतीत विचारलेला होता. परंतु साधनांची चिकित्सा हेच आमच्या अभ्यासाचे पहिले प्रकरण असल्यामुळे तो मनातून जाईना. पुढे डॉक्टरांनी रक्ताची आणखी एक तपासणी करवली, तेव्हा मामा सिकलसेलचे वाहक असल्याचे कळले आणि त्यांच्या दंडावर चौदा दिवसांसाठी एक सेन्सर लावण्यात आला. हा धागा त्या साक्षीदारांच्या इतिहासाविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

मधुमेहाची साखर प्रथम सापडली ती रक्तात नव्हे, लघवीत. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांनी मधासारख्या गोड लघवीवरूनच रोगाला ‘मधुमेह’ हे नाव दिले. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाची लघवी आटवून मागे उरलेला गोड अवशेष दाखवला आणि रक्ताचा द्रवभागही गोड असतो हे नोंदवले. विसाव्या शतकाच्या आरंभी स्टॅन्ले बेनेडिक्ट यांचे निळे द्रावण आले. परीक्षानळी तापवायची आणि रंग पाहायचा: निळा राहिला तर ठीक, विटकरी झाला तर साखर भरपूर. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतील अनेक घरांत ही नळी आणि स्पिरिटचा दिवा कपाटात असे.

या सगळ्या पद्धतींत एक उणीव समान होती. त्या त्या क्षणाची साखर सांगत, आणि तीही उशिरा. मागच्या आठवड्यात काय घडले याची नोंद शरीरात कोठे राहते का? राहते, आणि तिचा शोध ज्या वाटेने लागला, ती वाट आपल्याच जंगलाच्या जवळून जाते.

१९५८ हे वर्ष घ्या. त्या वर्षी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचे मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे टिपण प्रसिद्ध झाले. भारतात हा दोष त्यापूर्वी १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत लेहमन आणि कटबुश यांना आढळला होता. आता तो विदर्भातही असल्याचे स्पष्ट झाले. तेव्हा विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात होता, चंद्रपूरला चांदा म्हणत, आणि गडचिरोली हा जिल्हा अस्तित्वात यायला आणखी २४ वर्षे होती. त्याच १९५८ मध्ये ह्यूसमन आणि मेयरिंग यांनी प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनचे सूक्ष्म घटक वेगळे काढले. पुढे ज्याला एचबीए१सी म्हटले गेले तो त्यांपैकीच एक. या दोन निबंधांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तो आपण आज, मागे वळून पाहताना जोडतो आहोत.

त्यांच्यामधला दुवा इराणात आहे. १९६० च्या दशकात सॅम्युएल रहबर हे तेहरानच्या रुग्णालयातील रक्ताचे नमुने तपासत होते. त्यांना मधुमेहात रस नव्हता. ते सिकलसेलसारख्या वेगळ्या हिमोग्लोबिनांच्या शोधात होते. विद्युतप्रवाहात हिमोग्लोबिनचे पट्टे वेगळे करताना काही नमुन्यांत एक अनोळखी पट्टा दिसला, आणि ते रुग्ण मधुमेही निघाले. १९६८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. रक्तातील ग्लुकोज हिमोग्लोबिनला हळूहळू, कोणत्याही विकराच्या मदतीविना चिकटते, आणि एकदा पक्के चिकटले की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजले की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. १९९३ मध्ये अमेरिकेतील मोठ्या डीसीसीटी चाचणीने या आकड्याला राजमान्यता दिली आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ टक्के ही निदानाची सीमा म्हणून स्वीकारली.

म्हणजे वेगळ्या हिमोग्लोबिनच्या शोधात निघालेल्या माणसाला जी मोजपट्टी सापडली, ती वेगळे हिमोग्लोबिन असलेल्या माणसांच्याच बाबतीत अडखळते. इतिहासात अशा वक्रोक्ती क्वचित इतक्या नेमक्या सापडतात.

अडखळते कशी, ते पाहू. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एका जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलले की एचबीएस तयार होते. आई आणि वडील दोघांकडून ते आले तर सिकलसेल आजार. एकाकडूनच आले तर माणूस वाहक, बहुधा निरोगी. आजार असलेल्याच्या लाल पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडांत असह्य वेदना देतात आणि १२० नव्हे, दहा-वीस दिवसांतच फुटतात. दहा-वीस दिवस जगलेली पेशी तीन महिन्यांची साक्ष देणार कशी? आणि आणखी एक मुद्दा आहे. दोन्ही जनुके एचबीएसची असलेल्या माणसात नेहमीचे एचबीए तयारच होत नाही. मग ‘एचबीए१सी’ हा पदार्थ त्याच्या रक्तात यायचा कोठून? यंत्राने तरीही आकडा छापला, तर तो आकडा नेमका कशाचा हा प्रश्नच आहे.

वाहकांचे प्रकरण सौम्य, पण म्हणूनच अधिक फसवे. त्यांच्या पेशी जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतात. तरीही २०१७ मध्ये ‘जामा’ नियतकालिकातील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसले की कृष्णवर्णीय नागरिकांमध्ये उपाशीपोटीची साखर तेवढीच असताना वाहकांचा एचबीए१सी सरासरी ५.७२, तर इतरांचा ६.०१ येतो. ०.३ चा हा फरक किरकोळ वाटेल. पण सीमेवर उभ्या असलेल्या माणसासाठी ‘मधुमेह आहे’ आणि ‘नाही’ यांतले अंतर तेवढेच असते. त्यात काही जुन्या तपासणी-पद्धती एचबीएससमोर आणखी गोंधळतात. मामांच्या कागदाचे तेच झाले असावे, असे डॉक्टरांचे मत पडले.

हे सारे आपल्या भागाशी इतके का निगडित आहे? कारण हिवताप. रक्तविकार आणि हिवताप यांचे नाते जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलसेमियाच्या संदर्भात सुचवले होते. सिकलसेलच्या बाबतीत ते ए. सी. अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाहणीतून दाखवून दिले. वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणून जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला, तेथे हे जनुक टिकले. गडचिरोली आजही महाराष्ट्रातील हिवतापाचा प्रमुख जिल्हा आहे. डॉ. सुदाम काटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यभर केलेल्या कामात माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा समाजांत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. विदर्भात ते केवळ आदिवासींपुरते नाही. अनुसूचित जातींमध्ये आणि काही इतर मागास समाजांतही आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’चे काम आरंभले, तेव्हाच्या सुरुवातीच्या अभ्यासविषयांत सिकलसेल होताच. भारत सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान मात्र १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. शुक्ला-सोळंकींच्या टिपणानंतर ६५ वर्षांनी. या आकड्यावर भाष्य करण्याचा मोह मी आवरते.

आता तिसरा साक्षीदार, दंडावरचा सेन्सर. तो लाल पेशीला काही विचारतच नाही. त्याची सुमारे पाच मिलिमीटर लांबीची केसासारखी तार त्वचेखाली, पेशींच्या मधल्या द्रवात बुडालेली असते आणि तेथील ग्लुकोज थेट मोजते. या तारेवरचा कळीचा पदार्थ म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर. ते डेटलेव्ह म्यूलर यांना १९२८ मध्ये बुरशीत सापडले, आणि औद्योगिक प्रमाणावर ते मिळते अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून. नाव परके वाटले तरी ओळख जुनी आहे: साठवणीतल्या कांद्याच्या सालीवर जी काळी भुकटी दिसते, ती हीच.

विकराला विजेशी जोडण्याची कल्पना लेलँड क्लार्क यांची. रक्तातील प्राणवायू मोजण्यासाठी त्यांनी प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर पातळ पडदा बसवला होता. तो शोध १९५६ चा. १९६२ मध्ये चॅम्प लायन्स यांच्यासह त्यांनी पुढचे पाऊल टाकले. पडद्यांच्या मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज ठेवायचे. ग्लुकोज आले की विकर प्राणवायू खर्च करते. प्राणवायू किती घटला यावरून ग्लुकोज किती हे समजते. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी विकर जेलमध्ये पक्के बसवले. पुढे घटलेल्या प्राणवायूऐवजी अभिक्रियेत निर्माण होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मोजणे अधिक सोयीचे ठरले. १९८२ मध्ये जपानच्या शिचिरी यांच्या गटाने हे सारे सुईच्या टोकावर आणून शरीरात बसवले.

येथून इतिहास प्रयोगशाळेतून बाजारात उतरतो, म्हणून थोडक्यात सांगते. १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला मिनिमेडचा पहिला सलग-मापन संच तीन दिवस चाले आणि त्याचे आकडे रुग्णाला दिसतही नसत. डॉक्टर ते नंतर संगणकावर उतरवून घेत. २०१४ मध्ये युरोपात आलेला फ्रीस्टाइल लिब्रे चौदा दिवस चालू लागला आणि बोट टोचून जुळवणी करण्याची गरज संपली. त्यामागे अ‍ॅडम हेलर यांचे संशोधन होते. रुमानियात जन्मलेले आणि बालपणी नाझींच्या छळातून वाचलेले हे रसायनशास्त्रज्ञ टेक्सासमध्ये काम करत. त्यांनी ऑस्मियमयुक्त बहुवारिकाच्या साहाय्याने विकरातील इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडपर्यंत आणले. प्राणवायू आणि पेरॉक्साइड यांची मध्यस्थी अनावश्यक झाली. हा तांत्रिक तपशील लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

कारण सेन्सर हाही अखेर साक्षीदारच, आणि त्याचीही उलटतपासणी व्हायला हवी. त्वचेखालच्या द्रवात साखर रक्तामागून काही मिनिटांनी पोहोचते, ही किरकोळ बाब. गंभीर बाब वेगळी आहे. सिकलसेलच्या रुग्णांना दिले जाणारे प्रमुख औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. पेरॉक्साइड मोजणाऱ्या काही प्रचलित सेन्सरांत हे औषध इलेक्ट्रोडवर स्वतःच विजेचा संकेत देते आणि साखर आहे त्याहून जास्त दिसते. उत्पादकांच्या सूचनापत्रांत तसा इशारा छापलेला असतो. खोट्या आकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिन घेतले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाईल. म्हणजे ज्या रुग्णाच्या बाबतीत एचबीए१सी निरुपयोगी, त्याच रुग्णाचे औषध सेन्सरलाही फसवू शकते. कोणता सेन्सर आहे हे पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

आणखी एक गंमत. सेन्सरचे सॉफ्टवेअर चौदा दिवसांच्या सरासरीवरून एचबीए१सीच्या भाषेतला एक आकडा काढते. पूर्वी त्याला ‘अंदाजित एवनसी’ म्हणत. प्रयोगशाळेच्या आकड्याशी तो जुळेना म्हणून लोक गोंधळले, आणि २०१८ मध्ये त्याचे नाव बदलून ‘जीएमआय’ करण्यात आले. माझ्या मते ही विसंगती दडवण्याची गोष्ट नाही. दोन आकड्यांतले अंतर हीच त्या माणसाच्या लाल पेशींविषयीची माहिती आहे. मामांच्या बाबतीत ते अंतर चांगलेच मोठे निघाले.

पण हा साक्षीदार गडचिरोलीत पोहोचतो किती? एका सेन्सरला काही हजार रुपये लागतात आणि तो चौदा दिवसांत संपतो. साठवणीचे तापमान साधारण ३० अंशांच्या आत हवे. चंद्रपूरचा मे महिना ४५ च्या पुढे जातो. एटापल्ली-भामरागडकडे वीज आणि मोबाइलचे जाळे यांची खात्री कोण देणार? तेथे व्यवहार्य पर्याय जुनेच आहेत: ठरलेल्या वेळी बोट टोचून घेतलेले आकडे, आणि लाल पेशीऐवजी रक्तद्रवातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी फ्रुक्टोसामीन तपासणी, जिची साक्ष दोन-तीन आठवड्यांची असते. जिल्ह्यात सिकलसेलची तपासणी मोहीम चालू आहेच. कोणाच्या हाती त्या तपासणीचे कार्ड असेल, तर ते मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवावे. हे मी इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून सांगते आहे, डॉक्टर म्हणून नाही; आणि एचबीए१सी सगळ्यांसाठी निकामी आहे, असा अर्थ यातून कोणी काढू नये. बहुसंख्यांसाठी ती उत्तम मोजपट्टी आहे.

मामांच्या आलेखात रात्रीच्या भातानंतर एक उंच डोंगर रोज उभा राहत होता आणि पहाटे तीनपर्यंत उतरत नव्हता. त्यांची गोळी बदलली, भाताचे ताट लहान झाले. वापरून झालेला सेन्सर मामींनी देवघराजवळच्या डबीत ठेवला आहे. “एवढ्या पैशाची वस्तू, टाकायची कशी?” असे त्यांचे म्हणणे.