वारसाहक्काची सत्ता आणि महाड

पोलादपूरच्या वर, घाटमाथ्याकडच्या जावळीत ‘चंद्रराव’ हा किताब मोरे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. महाडजवळच्या रायगडावर ६ जून १६७४ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला.

जन्मसिद्ध अधिकारालाच आव्हान मिळाले तेही महाडात. २५ डिसेंबर १९२७ च्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली.

कोकणच्या गावात राजा म्हणजे खोत. सारावसुलीचा हक्क त्याला वारशाने मिळे. रयतेने ज्याला निवडलेच नाही, त्याला ती हटवणार कशी? आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९४९ मध्ये तसा कायदा झाला. संस्थानिकांचे तनखे मात्र १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीनेच बंद झाले.