टर्नरची स्केचबुके

जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर (१७७५–१८५१) या इंग्रज निसर्गचित्रकाराने हयातभर वापरलेली सुमारे ३०० स्केचबुके आज लंडनच्या टेट ब्रिटन या संग्रहालयात आहेत. रोमँटिक चित्रकला म्हटले की वादळे, हिमकडे आणि पेटलेले आकाश डोळ्यांसमोर येते. टर्नरच्या तैलचित्रांत हे सगळे भरभरून आहे. वह्या उघडल्यावर मात्र बहुतेक पानांवर पेन्सिलच्या बारीक, घाईच्या, तरीही नेमक्या रेघा दिसतात: डोंगराची कड, पुलाच्या कमानी, चर्चचा मनोरा, बंदरातली गलबते. कॅनव्हासवरची भरारी या काटेकोर नोंदींच्या बळावर घेतलेली आहे.

टर्नरचे वडील लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात न्हाव्याचा आणि केसांचे टोप बनवण्याचा व्यवसाय करीत. १७८९ मध्ये, चौदाव्या वर्षी, टर्नरला रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेत प्रवेश मिळाला. पुढे थॉमस मन्रो या डॉक्टरांच्या घरी संध्याकाळी जमून तो आणि थॉमस गर्टिन हे दोघे तरुण जॉन रॉबर्ट कझन्स या चित्रकाराच्या रेखाटनांच्या नकला करीत. त्या काळी जुने किल्ले, मठांचे भग्नावशेष आणि डोंगरदऱ्या पाहण्याची हौस इंग्लंडमधल्या सुखवस्तू वर्गात वाढत होती. अशा स्थळांच्या जलरंगचित्रांना आणि त्यांवरून छापलेल्या कोरीव चित्रांना चांगली मागणी होती. यातून टर्नरच्या आयुष्याचा क्रम ठरून गेला: उन्हाळ्यात वही घेऊन भटकंती आणि हिवाळ्यात स्टुडिओत त्या वहीवरून चित्रे.

वह्या अनेक आकारांच्या होत्या. काही खिशात मावणाऱ्या, तर काही मांडीवर ठेवून काम करण्याजोग्या मोठ्या. कित्येकींची बांधणी चामड्याची असून त्या मिटवायला पितळी कडी असे. उत्तरायुष्यात टर्नर मऊ पुठ्ठ्याच्या, गुंडाळी करून खिशात घालता येणाऱ्या वह्याही वापरू लागला. काही वह्यांची पाने तो आधीच राखाडी रंगाने माखून ठेवी. मग तो गडद भागासाठी पेन्सिल किंवा खडू वापरी आणि उजेडाच्या जागी राखाडी थर पुसून किंवा खरवडून खालचा पांढरा कागद मोकळा करी.

अशी एखादी नोंद किती काळ उपयोगी पडे हे नॉरम किल्ल्याच्या उदाहरणावरून कळते. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवर, ट्वीड नदीकाठी हा पडका किल्ला उभा आहे. १७९७ च्या उत्तर इंग्लंडच्या दौऱ्यात बावीस वर्षांच्या टर्नरने तो पेन्सिलीने वहीत टिपला. त्यावरून केलेले जलरंगचित्र पुढच्याच वर्षी अकॅडमीच्या प्रदर्शनात लागले आणि नावाजले गेले. १८१६ मध्ये ‘लिबर स्टुडिओरम’ या त्याच्या छापील चित्रमालेत हाच किल्ला आला आणि १८२० च्या दशकात इंग्लंडच्या नद्यांवरील मालेत तो पुन्हा अवतरला. १८३१ मध्ये तिथून जाताना टर्नरने किल्ल्याला टोपी काढून अभिवादन केले आणि आपल्याला भरपूर काम मिळू लागले ते या चित्रापासून, असे सोबतच्या प्रकाशकाला सांगितले, अशी आठवण नोंदलेली आहे. १८४५ च्या सुमाराच्या तैलचित्रात किल्ला निळसर धुक्यात विरघळला आहे. समोर पाण्यात एक गाय आणि भोवती पिवळा प्रकाश, एवढेच उरले आहे. पण किल्ल्याचा घाट आणि त्यामागून उगवणारा सूर्य ही मांडणी जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच्या चित्रातलीच आहे. जे गाळायचे ते त्याला तपशिलासकट ठाऊक होते, म्हणूनच ते इतक्या निर्धास्तपणे गाळता आले.

१८०२ मध्ये आमियाँच्या तहामुळे इंग्लंड आणि फ्रान्समधले युद्ध थोडा काळ थांबले आणि टर्नर प्रथमच युरोपच्या मुख्य भूमीवर गेला. आल्प्समधील सेंट गॉटहार्डची खिंड आणि माँ ब्लाँचा परिसर त्याने राखाडी पानांच्या वहीत चितारला. परतीच्या वाटेवर पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये एक छोटी वही त्याने टिशियन, पूसँ अशा जुन्या चित्रकारांच्या अभ्यासाला दिली. तिच्यात चित्रांच्या नकलांबरोबर त्यांच्या रंगयोजनेवरची टिपणेही आहेत. युद्ध पुन्हा पेटल्यावर १८१५ पर्यंत युरोपचा रस्ता बंदच राहिला आणि आल्प्सच्या चित्रांसाठी या वह्याच त्याच्या कामी आल्या.

१८१९ चा इटलीचा दौरा हा या सवयीचा कळस होय. मिलान, व्हेनिस, रोम आणि नेपल्स या प्रवासात सुमारे २३ वह्या भरल्या. एकेका पानावर दोन-तीन दृश्ये रचलेली असून काही रेखाटने शेजारच्या पानावर वाहत गेली आहेत. जागेवर बसून रंग देण्यात फार वेळ जातो, एका रंगीत चित्राच्या वेळात पेन्सिलीची पंधरा-सोळा रेखाटने होतात, असे त्याचे म्हणणे असल्याचे एका समकालीन पत्रात आले आहे. रंग तो स्मरणात साठवी किंवा रेघांच्या मध्ये एखादा शब्द लिहून ठेवी.

वह्यांत चित्रांखेरीज खर्चाचे हिशेब, प्रवासातले पत्ते, औषधांच्या कृती आणि स्वतःच्या कवितांचे खर्डेही सापडतात. चित्रकाराचा दिवस कसा जाई हे त्यांतून समजते.

१८४० च्या दशकात वहीची पाने थेट व्यवहारातही उतरली. स्वित्झर्लंडहून आणलेले जलरंगातले कच्चे अभ्यास टर्नरने थॉमस ग्रिफिथ या विक्रेत्याकडे नमुने म्हणून दिले. ग्राहकाने नमुना पसंत करायचा आणि मग टर्नरने त्यावरून पूर्ण चित्र करून द्यायचे, असा हा सौदा होता. ल्यूसर्न सरोवराकाठच्या रिगी पर्वताची त्याची गाजलेली जलरंगचित्रे याच काळातली आहेत.

समकालीनांची रीत निराळी होती. जॉन कॉन्स्टेबलने १८१३ च्या उन्हाळ्यात सफोकमधल्या आपल्या गावाच्या परिसरातच एक चिमुकली वही भरली. तीत शेते, नांगर, होड्या आणि गुरे आहेत. जर्मनीत कास्पार डेव्हिड फ्रीडरिश एकेक झाड आणि खडक तारखेसह काळजीपूर्वक रेखाटी आणि वर्षांनंतर त्यांची जुळणी करून कॅनव्हासवर नवे दृश्य उभारी. टर्नरला मात्र दुसऱ्याची रेखाटनेही चालत: तो कधी हिंदुस्थानात आला नाही, पण लेफ्टनंट जॉर्ज फ्रान्सिस व्हाइट यांनी केलेल्या रेखाटनांवरून त्याने हिमालयाची जलरंगचित्रे केली. ती १८३० च्या दशकात कोरीव चित्रांच्या रूपात प्रसिद्ध झाली.

टर्नरच्या मृत्युपत्रावरून वारसांनी दावा लावला आणि १८५६ मध्ये तडजोड होऊन त्याच्याकडे असलेली त्याच्या हातची सर्व चित्रे राष्ट्राला मिळाली. वह्या आणि सुटे कागद नॅशनल गॅलरीच्या तळघरात पत्र्याच्या पेट्यांत होते. १८५७–५८ मध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी ते लावायला घेतले, तेव्हा हाती आलेले कागद १९ हजारांहून अधिक असल्याचे त्यांनी नोंदवले. काही ओलीने कुजले होते, काही उंदरांनी कुरतडले होते. रस्किन यांनी पुष्कळ वाचवले, पण प्रदर्शनासाठी कित्येक वह्या सुट्याही केल्या आणि पानांचा मूळ क्रम मोडला. ए. जे. फिनबर्ग यांनी १९०९ मध्ये दोन खंडांची सूची प्रसिद्ध करून प्रत्येक वहीला क्रमांक दिला. हेच क्रमांक आजही वापरात आहेत. जानेवारी १९२८ मध्ये थेम्स नदीचे पाणी टेटच्या तळघरात शिरले, तेव्हा तोवर तिथे आलेला हा कागदी संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये हलवावा लागला. १९८७ मध्ये टेटला जोडून क्लोर गॅलरी उघडली आणि वह्या टर्नरच्या तैलचित्रांशेजारी परत आल्या. फिनबर्गचे क्रमांक, कागदात उमटलेल्या जलखुणा आणि पानांच्या कडा जुळवून अभ्यासक आता मोडलेला क्रम पुन्हा लावतात. कोणते दृश्य त्याने कोणत्या प्रवासात पाहिले आणि त्यातून कोणते चित्र निघाले, हे त्यामुळे पानागणिक सांगता येते.