बहात्तरच्या आधीचं साल

आमच्या आजीला सन ठाऊक नव्हते, तिची सगळी मोजदाद संकटांवर चाले. ती स्वतः मानमोडीच्या सालची. धाकटे काका पत्री सरकारच्या धामधुमीतले. माझा भाऊ बहात्तरच्या दुष्काळातला, म्हणून त्याला दूध मिळालं नाही आणि म्हणून तो असा हडकुळा, हे ती तो चाळिशीचा होऊन पोट सुटल्यावरही सांगायची. या मोजदादीत लढाया कुठंच नव्हत्या. आमच्या घरातून तीन पिढ्यांत माणसं फौजेत गेली, एक तर परतही आला नाही, पण "बसऱ्याच्या लढाईच्या साली" असं काही तिच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही.

बसऱ्याला गेले ते आजोबांचे चुलते. त्यांचं म्हणून घरात एकच होतं, एक गोल, जाडजूड, काळपट तबकडी. तिच्यावर शिरस्त्राण घातलेली एक बाई, हातात त्रिशूळ आणि पायाशी सिंह. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ती ठेवलेली असे आणि सणासुदीला तिला हळदकुंकू वाहिलं जाई. सिंह आहे, त्रिशूळ आहे, म्हणजे देवी, आणखी काय पाहिजे? कडेनं इंग्रजीत नाव कोरलेलं होतं, पण ते वाचणारं घरात तेव्हा कुणी नव्हतं. पुढं कॉलेजात असताना एका पुस्तकात तसलंच चित्र दिसलं आणि उलगडा झाला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायांच्या घरी इंग्रज सरकारनं पाठवलेलं ते कांस्यपदक, आणि ती बाई म्हणजे ब्रिटानिया. आजीला मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आसंल. पर हिनं आमाला कवा इंगा दावला न्हाई." हळदकुंकू चालूच राहिलं. वाटण्या झाल्या तेव्हा ती देवी कुणाकडं गेली की मोडीत गेली, यावर दोन चुलत्यांचं आजही एकमत नाही.

बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आताचा इराक. त्या वेळच्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून जवळपास पाच महिने वेढा चालला. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली. आपले शिपाई कितीतरी दिवस त्या मांसाला शिवेनात, आणि उपासानं खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ ला सगळ्या फौजेनं हत्यारं खाली ठेवली. आमचे हे चुलत पणजोबा वेढ्यात गेले, की पुढं कैदेत, की आधीच तापानं, घरात तिन्ही गोष्टी सांगितल्या जात. मला वाटतं, ज्याला जी झेपेल ती तो सांगे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या युद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण मेले, तिथं त्यांचा स्तंभ आहे, लोक गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. आमच्या गावात मात्र शोक करायलाही उसंत मिळाली नसावी. १९१८ ला मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली, पाऊसही दडी मारून बसला, देशभरात कोटीच्या वर माणसं गेली. एका घरातून तीन तीन तिरड्या निघाल्यावर परमुलखात मेलेल्याचं कोण काय काढणार?

दुसऱ्या महायुद्धातले आमचे मिल्ट्रीआप्पा, आजोबांचे धाकटे भाऊ. ते इटलीत होते. परत आले ते एक मनगटी घड्याळ आणि पोकळ शेवयांच्या गप्पा घेऊन. शेवयांना भोक असतं हे गावात कुणाला पटेना. पण त्यांची गंमत वेगळीच होती. आजीचं माहेर कुंडलकडचं, नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा तो बालेकिल्ला. म्हणजे सासरी पोस्टमन दिराची सरकारी मनिऑर्डर घेऊन येतोय आणि माहेरी तिची आई रात्री-अपरात्री भूमिगतांना भाकऱ्या थापून देतेय. एकाच बाईनं दोन्हीकडचं मीठ खाल्लेलं. १९४६ ला आप्पा आले तेव्हा गावाला पत्री सरकारच्या गोष्टी ऐकायच्या होत्या. इटलीच्या कुणाला? १० जुलै १९४४ ला माणगावकडच्या यशवंत घाडगे यांनी एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाऊन जीव दिला आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे आप्पा सांगायचे, पण ऐकणारी आम्ही पोरंच. आणि आम्हांला शेवयांतच रस.

हे सगळं आठवायला निमित्त झालं ते एका मेजरांचं.

सातबाऱ्याच्या कामासाठी मी नोव्हेंबरात दहिवडीला गेले होते. सेवा केंद्रात ही गर्दी. रांगेत माझ्या पुढं एक उंच, वाळकुटे गृहस्थ, पांढरं धोतर, वर जुना हिरवा स्वेटर, छातीशी प्लॅस्टिकची पिशवी धरलेली. मशीनवर अंगठा ठेवायचे, पोरगा मान हलवायचा. अंगठा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं. पोरानं त्यांची बोटं फडक्यानं पुसली, मग स्वतःच्या डोक्यावरचं थोडं तेल लावून पाहिलं. काही केल्या जुळेना.

"मेजर, तुमचं ठसंच उरलं न्हाईत. उद्या या."

आमच्या साताऱ्याकडं निवृत्त झालेला प्रत्येक फौजी मेजरच असतो. हे खरे हवालदार. पेन्शनीसाठी वर्षाला हयातीचा दाखला लागतो, त्यासाठी ते आलेले. बँकेनं इकडं पाठवलं होतं आणि इथला पोरगा उद्या बोलावत होता. वस्तीवरून यायचं म्हणजे तीन किलोमीटर चाल आणि मग एसटी. पंचाहत्तरीच्या पुढं तिकीट माफ आहे खरं, पण एसटी यायला तर पाहिजे.

मी त्यांना बाहेर बाकड्यावर घेऊन आले. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही हा दाखला निघतो. माझ्या सासऱ्यांचा मी तसाच काढला होता, तेव्हा वाट माहीत होती. पीपीओ नंबर त्यांना तोंडपाठ, पलटणीचा नंबरही, आणि त्या वेळच्या रायफलीचाही, तो कुणी विचारला नव्हता तरी सांगितला. फोनवर येणारा आकडा मात्र पुण्याच्या मुलाच्या मोबाइलवर जात होता, आणि मुलगा शिफ्टला. तो फोन उचलेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. दोन चहा मागवले. त्यांनी चहा बशीत ओतला आणि बोलायला लागले.

जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा. १७६८ साली उभी राहिलेली, हे त्यांनी काल-परवाचं सांगावं तसं सांगितलं. एकाहत्तरच्या बांगलादेशाच्या लढाईत पलटण पूर्वेकडं, जमालपूरला. मी थोडंफार वाचलेलं होतं. ते चिठ्ठीचं खरं का, विचारलं. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला शरण या म्हणून पत्र पाठवलं, मुक्तिवाहिनीच्या माणसाकरवी. त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली.

"ते सायबांचं. आमाला मागनं कळलं," मेजर म्हणाले. "आमी तवा रस्ता धरून पडलेलो."

जमालपूर जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठावर. मराठे नदी ओलांडून शहराच्या मागं गेले होते आणि ढाक्याकडं जाणारा रस्ता त्यांनी अडवला होता. १० तारखेच्या रात्री बलुच पलटण तो नाका फोडून निसटायला आली आणि रात्रभर धुमश्चक्री झाली. सकाळी जमालपूर पडलं. त्याच दिवशी दुपारी टांगाईलला छत्रीधारी उतरले, ती पलटणही मुळातली मराठाच, घाडग्यांची. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती आणि ९३ हजार कैदी. हे सगळं मीच त्यांना सांगत होते आणि ते मान डोलवत होते. रात्रीबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की थंडी होती आणि शेजारचा पोरगा कोरेगावचा होता. त्या पोराचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मग ते एकदम खुलले. "पाणी, ताई! काय सांगू तुमाला. नदी सोडा हो. घरापरत तळं. बांधाला पाणी, वाटंला पाणी. खंदक खांदला की खाली पाणीच. भात कापायला आल्यालं, आन् कापाय माणूस न्हाई. मला झोप येईना. म्हनलं ह्यातलं एक तळं गाडीत घालून माणला नेता आलं आसतं तर."

माणदेशातला कुणबी तो. लढाईत उभा राहूनही त्याला कापणीला आलेलं भात दिसत होतं. तिथला उकडा तांदूळ मात्र काही केल्या गळ्याखाली उतरेना. आईनं ट्रंकेत घातलेली हुलग्याची पुडी कधीच संपली होती. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर. घरी पत्र टाकायचं ते नव्व्याण्णव एपीओच्या पत्त्यानं. आईला वाटे नव्व्याण्णव एपीओ हे गावाचं नाव, आणि तिनं एकदा लिहून घेतलं होतं की त्या गावाला बाजार कोणत्या वारी असतो ते कळव. फौजेचा माणूस कुठं आहे ते कुणाला कळू नये म्हणून तर तो पत्ता. म्हातारीनं मात्र बाजाराची चौकशी चालवलेली.

रजा मिळून ते गावी आले तेव्हा बहात्तर उजाडून पाऊस हुकला होता. डोक्यात जमालपूर, सांगायला केवढं तरी. आणि गाव सगळं खडीवर.

इथं मलाही सांगण्यासारखं आहे, कारण तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. शाळेत सुकडी मिळायची, भरड, गोडसर, हाताला चिकटणारी. ती संपली की कागद चाटायचा. घरात तांबडी मिलो ज्वारी, परदेशातून आलेली. तिची भाकरी थापली की चिरायची आणि आजी त्या देशाचा उद्धार करायची. आई दुष्काळी कामावर जाई तेव्हा धाकटा पाठीला बांधलेला. बायका ओळीनं बसून खडी फोडत, डोळ्याला कपची लागू नये म्हणून पदर पुढं ओढलेला. पाझर तलाव, रस्ते, बांध... आज आमच्याकडं जे जुनं काही दिसतं त्यातलं निम्मं त्या वर्षातलं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती म्हणतात.

मेजरांची आईही त्यातलीच. हे दुसऱ्या दिवसापासून तिच्या शेजारी हातोडी घेऊन बसले. मुकादमानं हजेरीवर नाव घालायला नकार दिला, सरकारी पगार खाणाऱ्याला सरकारी काम कसं द्यायचं? मग रजाभर फोडलेली खडी आईच्या ढिगात गेली.

"आन् लढाईचं सांगितलं का कुणाला?" मी विचारलं.

"इचारलं की पारावर. ईस-पंचीस जण बसल्यालं. म्या सुरवात केली, तिथं आसं पाणी, तसं पाणी..." ते थांबले. "समोर हिरीच्या तळाला पोरगं सोडून वाटीनं पाणी भराय लागल्यालं. मग म्हनलं, कशाला. थंडी लई व्हती म्हनलं, आन् उठलो."

लढाईतला कुठलाही भाग सांगायला मेजरांना लाज वाटली नसती. लाज वाटली ती पाण्याची. आमच्याकडं बांगलादेशाची लढाई कुणी सांगत नाही ते काही शूरांची कमतरता म्हणून नाही. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही हातात हातोडी धरायची होती. आमच्या घरातल्या बसऱ्याचं आणि इटलीचंही असंच काहीसं झालं असणार, असं त्या बाकड्यावर मला पहिल्यांदा वाटलं. पुढं त्यांनी नोकरी पुरी केली, पेन्शनीवर आले, पुण्यात वॉचमनकी केली आणि मग गावची शेती. बोटांची सालं त्यात गेली, खडीचा दोष थोडाच, असं ते स्वतःच म्हणाले.

मुलाचा फोन लागला. आकडा आला. मी मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. हा कार्यक्रम असा आहे की समोरचा माणूस जिवंत आहे हे पटण्यासाठी पापण्या लवाव्या लागतात. मेजरांनी धोतराचा सोगा नीट केला, पाठ ताठ केली, हनुवटी वर, आणि नजर समोर रोखली. ती हलेचना. फोन "डोळे मिचकावा" म्हणून बजावतोय, मी सांगतेय, आणि हे परेडला उभे असल्यासारखे. हिरवं वर्तुळ तांबडं झालं. पुन्हा तेच.

"मेजर, डोळे मिटून उघडा की!"

"सावधानमधी डोळं मिटत्यात व्हय?"

मग सेवा केंद्रातला तो पोरगाच बाहेर येऊन मागून मोठ्यानं ओरडला, "विश्राम!" मेजर दचकले, पापण्या लवल्या, दाखला निघाला. पोरानं त्याची प्रत फुकट काढून दिली, एवढं त्याच्या पदरी घातलंच पाहिजे.

त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला, माझा नंबर एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतला. वस्तीवर दोघी विधवा आहेत, फौजींच्याच, त्यांचीही बोटं अशीच, त्यांची पेन्शन अडलीय म्हणाले. मी म्हटलं, येईन कधीतरी. आपण म्हणतो तसं.

रविवारी सकाळी फोन. "ताई, तुमी दोघी सांगितल्यावर यिऊ म्हनला व्हता. आता चौगी झाल्यात. नवाला हजर व्हा. शेंगोळ्या केल्यात, हुलग्याच्या. आन् मोबाइल भरून आना, हितं लाइट न्हाई."