आडव्या पट्ट्यांचा शोध

स्नायूंतून उद्भवणाऱ्या अर्बुदांच्या निदानाचा इतिहास पाहता असे दिसते की, जिवंत माणसाच्या स्नायूचा तुकडा काढण्याचे साधन बरेच आधी हाती आले, मात्र त्या तुकड्यात नेमके काय पाहावे हे ठरायला पुढे शतकभराहून अधिक काळ गेला. फ्रेंच वैद्य ग्वीयोम ड्यूशेन यांनी १८६८ साली वर्णिलेली सुई तर अर्बुदांसाठी नव्हतीच. मुलांच्या पोटऱ्या फुगलेल्या दिसत असूनही त्यांतली शक्ती का जाते, हे शवविच्छेदनाची वाट न पाहता कळावे यासाठी ती होती, आणि तिच्यात अडकून आलेला कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला की स्नायूची जागा चरबीने आणि तंतुमय ऊतकाने घेतलेली दिसे.

गाठींचा प्रश्न याहून अवघड होता. हाडांना जोडलेल्या ऐच्छिक स्नायूच्या तंतूंवर आडवे पट्टे असतात. त्यामुळे सार्कोमाच्या, म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा आधार देणाऱ्या ऊतकांतून निघणाऱ्या कर्करोगाच्या, पेशींत हे पट्टे सापडले तर ती गाठ स्नायूची, असे गमक रूढ झाले. वेबर यांनी १८५४ साली जिभेवरच्या अशा एका गाठीचे वर्णन केले होते; या गाठींना पुढे रॅब्डोमायोसार्कोमा हे नाव मिळाले. गमक निर्विवाद असले तरी पुरे पडणारे नव्हते, कारण पेशी जितक्या अपरिपक्व तितके पट्टे दुर्मीळ, आणि मुलांच्या गाठींत तर गडद केंद्रकांच्या लहान गोल पेशींची अशी दाटी असते की लिम्फोमा, न्यूरोब्लास्टोमा किंवा युइंग सार्कोमा यांपासून ती निव्वळ नजरेने वेगळी काढणे कठीण जाते. फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेल्या तुकड्याचे पातळ काप फॉस्फोटंग्स्टिक आम्ल व हिमॅटॉक्सिलिन यांनी रंगवले की पट्टे निळसर उठून दिसत. अर्थात, मुळात ते असतील तर.

आर्थर पर्डी स्टाउट यांनी १९४६ साली पट्ट्यांबरोबरच पेशींच्या एकूण घडणीकडे, रॅकेटसारख्या व फितीसारख्या आकारांकडे, लक्ष वेधले. १९५८ साली हॉर्न व एन्टरलाइन यांनी भ्रूणसदृश, द्राक्षघोससदृश, वायुकोशसदृश आणि बहुरूपी असे चार प्रकार मांडले. ही विभागणी सर्वस्वी सरावलेल्या डोळ्यावर उभी होती, आणि तरीही तिचा सांगाडा दशकानुदशके टिकला, याचे श्रेय त्या पिढीच्या निरीक्षणाला द्यायला हवे.

त्यानंतर पुरावा आकारातून रेणूंत सरकला. स्नायुपेशीतील डेस्मिन या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे आणि पुढे केंद्रकातील मायोजेनिन ओळखणारी प्रतिपिंडे वापरात आली, तेव्हा एकही पट्टा नसलेल्या गोल पेशीचे मूळ रंगाने उघड होऊ लागले. १९९३ साली वायुकोशसदृश प्रकारात दुसऱ्या व तेराव्या गुणसूत्रांचे तुकडे जोडले जाऊन दोन जनुकांचा संकर झाल्याचे निश्चित झाले. आणि हा संकर नसलेल्या, पण काचपट्टीवर वायुकोशसदृश दिसणाऱ्या गाठी वागणुकीने भ्रूणसदृश प्रकाराच्या जवळ जातात हे पुढे लक्षात आल्यावर आकारावर आखलेली सीमारेषा पुन्हा तपासावी लागली. परिणामी आज सुईने काढलेल्या बारीकशा तुकड्यातून नेहमीचे रंगकाम, प्रतिपिंडे आणि जनुकचाचणी या तिन्हींची गरज भागवायची असते, म्हणून पहिला काप घेण्यापूर्वीच त्याची वाटणी ठरवून ठेवावी लागते.