प्रोजेस्टेरॉन-रोध (एंडोमेट्रिओसिसमधील)

रक्तात प्रोजेस्टेरॉन पुरेसे असूनही ऊतकाने त्याला जुमानू नये, या अवस्थेला प्रोजेस्टेरॉन-रोध म्हणतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये ती ठळकपणे आढळते. या विकारात गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखे ऊतक बीजांडकोश, पर्युदर, आतडी अशा ठिकाणी वाढते. बीजांडकोशात जुने रक्त साचून झालेल्या दाट तपकिरी गाठीला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. पाळीत असह्य वेदना, ओटीपोटात दुखत राहणे आणि वंध्यत्व ही प्रमुख लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार होतो.

जनुकनियमन : निरोगी अंतःस्तरात प्रोजेस्टेरॉन ईस्ट्रोजेनचा जोर आवरते. त्याच्या प्रभावाने ग्रंथिपेशींत तयार होणारे एक एंझाइम प्रबळ एस्ट्राडायॉलचे सौम्य एस्ट्रोन करते. रोगग्रस्त ऊतकात हे एंझाइम पुरेसे बनत नाही. उलट ॲरोमाटेज हे दुसरे एंझाइम तेथेच ईस्ट्रोजेन तयार करते, त्यातून प्रोस्टाग्लँडिन वाढते आणि ते पुन्हा ॲरोमाटेजला चालना देते.

बिघाडाचे मूळ ग्राहीत, म्हणजे संप्रेरकाचा संदेश टिपणाऱ्या पेशीतील प्रथिनात असते. अकराव्या गुणसूत्रावरील पीजीआर जनुकापासून पीआर-ए व पीआर-बी हे दोन ग्राही बनतात. रोगग्रस्त ऊतकात पीआर-बी जवळजवळ आढळतच नाही. जनुकाचा मजकूर शाबूत असतो. मात्र त्याचे वाचन सुरू करणाऱ्या भागावर (प्रवर्तकावर) मिथिल गट चढल्याने तो वाचला जात नाही. ईस्ट्रोजेन-ग्राही बीटाच्या जनुकावर नेमके उलटे घडते : मिथिल गट उतरतात आणि तो ग्राही कितीतरी पटींनी वाढतो. तो ईस्ट्रोजेन-ग्राही अल्फाला दाबतो. प्रोजेस्टेरॉन-ग्राहींच्या निर्मितीला चालना अल्फाकडून मिळत असल्याने तेही घटतात. गर्भाशयाच्या अंतःस्तरात हॉक्सए१० हे जनुकही मंदावते व गर्भ रुजणे अवघड होते.

उपचार : डायनोजेस्टसारख्या प्रोजेस्टिनांचा सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना पुरेसा उपयोग होत नाही. ऐकणारा ग्राहीच कमी असल्याने नुसती मात्रा वाढवून भागत नाही. अशा वेळी बीजांडकोशातील ईस्ट्रोजेनची निर्मिती रोखणारी जीएनआरएच गटातील औषधे देतात. ती दीर्घकाळ घेतल्यास हाडे विरळ होतात. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया हा दुसरा मार्ग.

भारतातील संशोधन : या विकाराशी निगडित जनुकभेदांची बरीचशी माहिती युरोपीय व जपानी वंशाच्या स्त्रियांवरून मिळालेली आहे. ती उणीव भरून काढण्यासाठी मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने ‘ईसीजीआरआय’ हा बहुकेंद्री अभ्यास हाती घेतला. त्यात भारतीय स्त्रियांची लक्षणे, शस्त्रक्रियेतील निष्कर्ष व जैविक नमुने आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धतीने नोंदवले जातात.