दोन नंदिग्रामे आणि एक त्रुटी

नांदेड-लातूरकडच्या अभियांत्रिकीच्या वर्गांत संख्यात्मक विश्लेषण शिकताना न्यूटन भेटतो, सिम्प्सन भेटतो. गणेश दैवज्ञ भेटत नाहीत. नांदेडलाही नंदिग्राम म्हणतात. गणेशांचे नंदिग्राम मात्र कोकण किनाऱ्यावरचे नांदगाव. शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभ धरून त्यांनी 'ग्रहलाघव' रचले. ग्रहगणितातील ज्या व चाप वगळून त्यांच्या जागी साध्या गुणाकार-भागाकारांची आसन्न सूत्रे घातली. दिवसांची संख्या फुगू नये म्हणून ४०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचे, चक्र योजिले. पंचांग करणे त्यामुळे सामान्य जोशाच्याही आवाक्यात आले.

येथे दोन त्रुटींतला भेद आपण ओळखला पाहिजे. आसन्न सूत्राची त्रुटी मर्यादेत राहते. ग्रहगतीच्या मूळ मानातील सूक्ष्म चूक मात्र वर्षागणिक साचत जाते. पहिली गणेशांनी जाणूनबुजून पत्करली. दुसरीवर उपाय एकच, पुन्हा आकाशाकडे पाहणे. १८६० साली केरो लक्ष्मण छत्रे यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' आली, तोवर साडेतीन शतके लोटली होती. सुलभ ग्रंथ हाती आला की वेध घेण्याची गरज वाटेनाशी होते. ग्रंथांवरच जगणाऱ्या आम्हा साहित्याच्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये.